रांगेलचा अभिनय आणि काळी चौकट

या, अशा जवळ या. मागच्यांनी खुर्च्या पुढं ओढा. मला मोठ्यानं बोलवत नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखीही नाही. ज्याची गोष्ट आहे तो रोज आमच्या गल्लीतून जातो, आणि त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. सिनेमा पाहून त्यावर मत देणं हा निरुपद्रवी छंद आहे, असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, तर उठताना तसं वाटणार नाही. एवढा शब्द मी आत्ताच देऊन ठेवतो.

आमच्या दोल्नी द्रेन गावात एक वाचनालय आहे. पुस्तकं थोडी, सभागृह मोठं. तिथं दर शुक्रवारी संध्याकाळी नवा सिनेमा दाखवतात, आणि वीजमंडळाच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी त्या सिनेमावरचं माझं मत एका कागदावर लिहून वाचनालयाच्या काचेच्या दारावर लावतो. हे काम मला कुणी दिलेलं नाही. पण कुणी थांबवलंही नाही, आणि आमच्याकडे यालाच नेमणूक म्हणतात.

माझी मतं कडक आहेत असं लोक म्हणतात. कडक नाहीत, सरळ आहेत. आता अंधाराचंच घ्या. हल्लीचे सिनेमे अंधारात घडतात. नवराबायको अंधारात भांडतात, पोलीस अंधारात पुरावे शोधतात, परवा एका सिनेमात तर बाळंतपण अंधारात झालं. अहो, भिंतीवर बटण दिसतंय! आयुष्यभर विजेची बिलं हाताळलेला माणूस मी. असलं घर पडद्यावर आलं की मला त्यांच्या दुःखाआधी त्यांची थकबाकी दिसते. दुसरं जेवणाचं. सिनेमात कुणी पोटभर जेवत नाही. टेबलावर वाफाळतं सूप येतं, एक चमचा तोंडात जातो, कुणीतरी "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हणतं, आणि सगळे उठतात. माझी बायको रुस्का अशा वेळी सभागृहात मोठ्यानं म्हणते, "अगं बाई, निदान झाकून तरी ठेव." मग ते उडणाऱ्या माणसांचे सिनेमे. अख्खं शहर पाडतात, जग वाचवतात आणि निघून जातात. झाडणार कोण? आणि शेवट! पूर्वी सिनेमे संपायचे, हल्ली ते थांबतात. दिवे लागतात आणि लोक एकमेकांकडे असे बघतात, जणू लिफ्ट मधेच अडकली आहे.

पण मी नुसता नावं ठेवणारा नाही. हिवाळ्यात एक छोटासा सिनेमा आला होता. म्हातारपणी गाडी चालवायला शिकणाऱ्या विधवेचा. त्यात काहीच घडत नाही, शेवटी ती फक्त मागं वळून न बघता गाडी चढावर नेते. मी इतका रडलो की रुस्कानं माझा चष्मा स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. माझी कसोटी साधी आहे. आमचे फादर एव्लोगी रविवारी प्रवचन अर्धं बोलतात आणि अर्धं गातात. गोष्ट सांगता सांगता त्यांचा आवाज केव्हा चढतो आणि शब्दाचा सूर केव्हा होतो, ते कळत नाही. मी त्यांच्यासमोरच्या खांबाला टेकून उभा असतो, आणि घरी परतताना दुपारच्या जेवणाआधी कुणाला तरी माफ करावंसं वाटतं. सिनेमानं एवढं केलं तर मला अंधारसुद्धा चालतो.

तर असं माझं सुरळीत चाललं होतं. आणि मग रांगेल सिनेमात गेला.

रांगेल दिमोव्ह माझा लहानपणापासूनचा मित्र. मधमाश्या पाळतो. बायको देवाघरी गेली, मुलगा स्पेनमध्ये. रोज दुपारी आम्ही त्याच्या अंगणात सोंगट्या खेळतो. तो हरतो आणि फाशांना दोष देतो. गेल्या शरद ऋतूत राजधानीहून, सोफियाहून, एक तरुण दिग्दर्शिका गावात आली. तिला धुकं हवं होतं, आणि आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी धुकं आहे. तिनं रांगेलला पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या चेहऱ्यात अख्खं शतक आहे." त्या दिवसापासून रांगेल आरशासमोर दाढी करायला दुप्पट वेळ घेऊ लागला. त्याला सिनेमात तीन प्रसंग मिळाले. गावाला मात्र तीनशे सांगितले गेले.

सिनेमाचं नाव 'मीठ, राख आणि पुन्हा मीठ'. वसंतात तो तयार होऊन आमच्या वाचनालयात शुक्रवारी दाखवायचा ठरला. यंत्र नीट चालतंय का हे बघायला मंगळवारी मी एकट्यानं तो आधी पाहिला. पाहिला म्हणजे सोसला. धुकं. मग घोडा. मग धुक्यात घोडा. मग घोडा गेला आणि नुसतं धुकं राहिलं, आणि तेव्हा मला घोड्याची किंमत कळली.

आणि त्यात आमचा रांगेल! पहिल्या प्रसंगात तो रस्त्यानं येतो. देवाची आई साक्षी आहे, जन्मभर मी त्याला चालताना बघतोय, पण हे चालणं त्याचं नव्हतं. काठोकाठ भरलेली सुपाची थाळी दोन्ही हातांत धरून निसरड्या फरशीवर माणूस चालतो, तसा तो चालत होता. दुसऱ्या प्रसंगात तो बोलतो. शाळेत निरीक्षक आल्यावर उभं राहून पाठ म्हणणारा मुलगा आठवा. तिसऱ्या प्रसंगाबद्दल मला लिहिताच येईना, पण त्याचं कारण वेगळं होतं.

त्याच दुपारी सोंगट्यांचा पट मांडता मांडता रांगेल म्हणाला, "पाहिलास ना?"

"यंत्र उत्तम चालतंय," मी म्हणालो.

"यंत्राचं कोण विचारतंय गाढवा? मी कसा झालोय?"

"शुक्रवारी बघशीलच की."

"मला पडद्यावर काय कळणार? मी मलाच बघत बसणार." त्यानं फासे खाली ठेवले. "हे बघ मेतोदी, गावातले सगळे मला 'वा वा' म्हणणार. मी पोरांना मध वाटतो, म्हणून म्हणणार. खोटं न बोलणारा तू एकटा आहेस. आयुष्यात तू रुस्काच्या भरल्या मिरच्यांनासुद्धा उगीच चांगलं म्हटलेलं नाहीस. तू कागदावर लिहिशील तेच मी खरं धरणार. वाईट असेल तर वाईट लिही. आता टेकडीवरची अकेशियाची झाडं फुललीत, मी मधमाश्यांच्या पेट्या घेऊन वर चाललो. गुरुवारी दुपारी उतरेन ते थेट तुझा कागद वाचायला."

गडी निघून गेला. खरं लिहावं तर जन्माचा मित्र जातो. खोटं लिहावं तर तो ते ओळखणार, म्हणजे मित्र जातो तो जातोच, वर माझं मतही जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध मी, हातात पेन घेऊन.

आमच्या इमारतीखालच्या बाकावर गिना मावशी बसलेली असते. गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला झाकणावरून कळतं. ती म्हणाली, "एवढा घामाघूम का झालास? लिही की चांगलं. स्तुतीनं कुणाचं पोट दुखलंय?"

"मावशी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व राहू दे घरी. माझ्या नवऱ्याला मी पंचेचाळीस वर्षं देखणा म्हणत आले. काही बिघडलं?"

रुस्का म्हणाली, "खरं लिहा, पण गोड लिहा." कसं, ते तिनं सांगितलं नाही. मग मी चर्चमध्ये गेलो. फादर एव्लोगी मेणाचे ओघळ खरवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हलक्या चालीत गायला सुरुवात केली, "सत्य ही सुरी आहे बाळा, तिला प्रेमाची मूठ हवी..." ऐकताना इतकं बरं वाटलं की काय करायचं ते विचारायचंच राहून गेलं.

घरी येऊन लिहायला बसलो. रुस्कानं टेलिफोनची तार काढून ठेवली. चालण्याबद्दल लिहिलं, खोडलं. बोलण्याबद्दल लिहिलं, फाडलं. सिनेमाचं नाव लिहिलं की त्यापुढं मत लिहावंसं वाटायचं, म्हणून नावच काढून टाकलं. आणि मग मला एकदम सुचलं, की अरे, नटाबद्दल लिहिता येत नसेल तर माणसाबद्दल लिहू! त्यात एक अक्षर खोटं नाही, आणि कुणी दुखावणारही नाही. एका दमात लिहून काढलं:

"रांगेल दिमोव्ह. आपल्या सर्वांचा आवडता. कष्टाळू, सरळमार्गी, प्रेमळ पिता, एकनिष्ठ मित्र. मधमाश्यांनीही ज्याला कधी परका मानलं नाही. कुणाचं वाईट त्यानं चिंतलं नाही. त्याचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून कधीच हलणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सर्वांनी वाचनालयात जमावं, ही विनंती. मित्र मेतोदी आणि समस्त गावकरी."

वाचून माझेच डोळे भरून आले. वाटलं, या वेळी हातानं लिहिलेला कागद नको, छापून घेऊ, फोटोसकट. रांगेलचा एक गंभीर फोटो माझ्याकडे होता, ओळखपत्रासाठी काढलेला. तो घेऊन बुधवारी दुपारी झोरकाच्या दुकानात गेलो. झोरका किल्ल्या बनवून देते, कागदांच्या नकला काढून देते, आणि तिचा मुख्य धंदा तुम्हांला माहीत आहेच. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारांवर, खांबांवर, थांब्यावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षानं पुन्हा. गावात चालताना जिवंतांपेक्षा गेलेलेच जास्त भेटतात, आणि निदान ते वाटेत अडवून बोलत बसत नाहीत. ते सगळे कागद झोरकाच छापते.

पण हे मला त्या वेळी आठवावं कसं? रात्रभर झोप नव्हती, डोळे लाल, आवाज बसलेला. मी कागद आणि फोटो पुढं केला आणि म्हणालो, "झोरका, छापून दे. आणि जरा ठळक ठिकाणी लावायची व्यवस्था कर. मला आता त्राण नाही."

झोरकानं कागद वाचला. फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मेतोदीकाका," ती म्हणाली, "तुम्ही काही काळजी करू नका. घरी जाऊन पडा. मी सगळं बघते."

बाहेर पडताना मी मनात म्हणालो, बघा, साधी दुकानदार बाई, पण समीक्षकाच्या यातना तिला कळतात. घरी आलो, रुस्कानं दिलेला लिंबाच्या फुलांचा चहा प्यालो आणि मेल्यासारखा झोपलो. हा शब्दप्रयोग मी हल्ली टाळतो.

गुरुवारी सकाळी पाव आणायला निघालो. आमच्या दारातच वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं मला मिठी मारली. हा माणूस एरवी जिन्यातल्या दिव्यावरून माझ्याशी भांडतो. "हिंमत धरा," तो म्हणाला. मला वाटलं, मत लिहून झालंय हे पसरलं वाटतं. बेकरीवालीनं पाव देताना डोळे पुसले. "फार त्रास झाला का हो शेवटी?" तिनं विचारलं. "जवळजवळ तीन तास," मी म्हणालो, "आणि शेवटी तर काही उलगडा होत नाही." तिनं छातीवर क्रूस काढला. सिनेमाबद्दल एवढी आस्था मी गावात प्रथमच पाहत होतो. मन भरून आलं.

मग मी वळलो आणि विजेच्या खांबावर मला रांगेल दिसला.

काळी जाड चौकट. वरच्या कोपऱ्यात क्रूस. मधोमध रांगेल, ओळखपत्रातला, ज्याच्याकडे बघून कुणालाही वाटावं की याला आपला शेवट आधीच कळला होता. आणि खाली माझं वाङ्मय. पुढच्या खांबावर रांगेल. थांब्यावर रांगेल. बेकरीच्या दारावर रांगेल, आणि मी त्याच दारातून पाव घेऊन बाहेर आलो होतो! मी तिथंच मटकन पायरीवर बसलो. आयुष्यात प्रथमच माझं लिखाण अख्ख्या गावानं वाचलं होतं, आणि कुणालाही त्यात शंका घेण्यासारखं एक वाक्य सापडलं नव्हतं.

आता सांगा, यात माझी चूक कुठं आहे? बरं, राहू द्या. सांगू नका.

दुपारी रांगेल टेकडीवरून उतरणार होता. त्याच्याकडे फोन असतो, पण तो घरी कपाटात असतो. मधमाश्यांना आवडत नाही म्हणे. रात्रभर त्याचं घर काळोखात असल्यामुळं गावाची खात्रीच पटलेली. "जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं असेल," असं ठरलं होतं. स्पेनचा नंबर कुणाला सापडला नव्हता, तेवढी देवाची कृपा. मी उठलो आणि खांबावरचा कागद नखानं खरवडू लागलो. कोपरा सुटतो न सुटतो तोच मागून आवाज आला.

"हात काढ!"

गिना मावशी. काळा रुमाल बांधून, हातात अक्रोडांची पिशवी.

"मावशी, अगं हा..."

"मेलेल्याचा कागद फाडतोस? तू? त्याचा मित्र? अरे, दुश्मनसुद्धा असलं करत नाही! तो पावसानं पडायचा असतो, वाऱ्यानं पडायचा असतो, माणसाच्या हातानं नाही. माझ्या नवऱ्याचा कागद तीन वर्षं त्या दारावर आहे, कुणी नख लावलंय?"

"मावशी, रांगेल जिवंत आहे."

तिच्या चेहऱ्यावरचा राग एकदम विरघळला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "माझंही असंच झालं होतं," ती हळुवारपणे म्हणाली. "पहिले काही दिवस मीही दोन ताटं वाढायची. चल, तुला घरी सोडते."

मी तिच्या हातातून निसटून नगरपालिकेत पळालो. खांब पालिकेचे, तेव्हा खांबावरचा कागदही पालिकेचा, असा माझा हिशेब. खिडकीत चावदार नावाचा कारकून बसला होता. हा मनुष्य नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही.

"सूचना काढायची आहे," मी म्हणालो.

"मृताशी नातं?"

"मित्र."

"मित्र हे नातं नाही. जवळच्या नातलगाचा अर्ज लागेल. सोबत मृत्यूचा दाखला."

"दाखला कुठून आणू? तो मेलेला नाही!"

चावदारनं पेन खाली ठेवलं. "मग सूचना कशाची आहे?"

"ते सिनेमावरचं मत आहे."

त्यानं खिडकीतून बाहेरच्या खांबाकडं नजर टाकली. बराच वेळ वाचत होता. "यात सिनेमा कुठंय?" त्यानं विचारलं.

मंडळी, माझ्या लिखाणावर आजवर झालेली सगळ्यात अचूक टीका हीच. पण त्या वेळी मी चिडलो. "समजा, तो स्वतःच आला," मी म्हणालो, "आणि म्हणाला की मी जिवंत आहे, माझी सूचना काढा, तर?"

"अर्जदार आणि मृत एकच, असं प्रकरण आमच्याकडे अजून आलेलं नाही," चावदार म्हणाला. "वर विचारावं लागेल." आणि मग आवाज उतरवून, "काका, खूप चांगले होते हो ते. आमच्या मुलीला दर वर्षी मध द्यायचे."

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. एकेक ठोका, मधे लांब थांबा. गेलेल्या माणसासाठी वाजवतात तशी. माझी पाचावर धारण बसली, कारण ती घंटा टेकडीवर स्वच्छ ऐकू जाते.

पुढचं मला रांगेलनंच नंतर सांगितलं. त्यानं घंटा ऐकली, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि म्हणाला, अरेरे, कोण बरं गेलं असेल. शेजारधर्म म्हणून पेट्या तशाच सोडून लगेच खाली उतरला. वाटेत दोन बायकांनी त्याला पाहिलं. एक किंचाळली आणि दुसरी खाली बसली. त्याला वाटलं, उन्हाचं काहीतरी झालं. मग तो स्वतःच्या फाटकाशी आला आणि स्वतःच्या फोटोसमोर उभा राहिला.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. गेलेल्याच्या नावानं वाटतात तो गहू बायकांनी उकडून, साखर-अक्रोड घालून परातीत आणला होता. फादर एव्लोगी धूपदान हातात घेऊन उभे होते आणि त्या धुराचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मधोमध आमच्या सोंगट्यांच्या टेबलाशी रांगेल बसला होता, आणि चमच्यानं स्वतःच्या नावाचा गहू खात होता.

"साखर कमी पडलीय," तो गिना मावशीला म्हणाला.

"घाईत केला रे बाळा," मावशी कशीबशी म्हणाली.

मग त्यानं मला पाहिलं. त्याच्या दुसऱ्या हातात फाटकावरचा कागद होता. स्वतःचा कागद त्यानं स्वतःच काढला होता. त्याला अडवायची कुणाची छाती झाली नव्हती.

"ये मेतोदी," तो म्हणाला.

"रांगेल, झोरकानं... म्हणजे झोरकाची चूक नाही, ती चौकट तिच्या यंत्रात आधीच..."

"चौकटीचं काही नाही. मी तीन वेळा वाचलं." त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सरळ केला. "कष्टाळू. सरळमार्गी. प्रेमळ पिता. हे तर सगळ्यांच्याच कागदावर असतं. त्या खालच्या आळीतल्या दारुड्याच्या कागदावरही होतं. माझा अभिनय कुठं आहे?"

मी कागद उचलायला हात पुढं केला, त्यानं तळवा हलवला नाही.

"मी टेकडीवर दोन दिवस त्याचाच विचार करत होतो. पेटीत धूर सोडायचा विसरलो, चावून घेतलं. हा बघ कान." कान खरंच लाल टप्पोरा झाला होता. "तू वाईट लिहिलं असतंस तर मी दोन दिवस बोललो नसतो. तिसऱ्या दिवशी पट मांडला असता. पण तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणजे इतकं वाईट आहे, की मला मारून टाकणंच तुला सोपं वाटलं?"

मी रुस्काकडे पाहिलं. ती परातीकडे बघत होती. फादरांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, गायले नाहीत.

"सांग," रांगेल म्हणाला. "मी तर सकाळपासून मेलेलाच आहे. मेलेल्याला कशाला भ्यायचं?"

मग मी सांगितलं. सगळ्या गावासमोर, उभ्यानं. सिनेमा भिकार आहे, म्हणालो. धुक्यात सगळं लपतं म्हणून धुकं आहे. तू चालतोस ते सुपाची भरलेली थाळी घेऊन चालल्यासारखा, आणि बोलतोस ते निरीक्षक आल्यासारखा. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गिना मावशीनं त्याला कोपर मारलं. रांगेलच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"आणि तिसरा?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्यात तुझा मुलगा बसनं जातो. तू फाटक लावतोस. दोन पावलं घराकडे जातोस, परत येतोस, आणि फाटक पुन्हा उघडून वीतभर फट ठेवतोस. मग आत जातोस. बस. रांगेल, मी इतके सिनेमे पाहिले, पण त्या फटीबद्दल मला एक ओळ लिहिता आली नाही. घरी गेलो आणि मुलीला फोन केला. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. रुस्काला विचार. ते वाईट होतं म्हणून मी गप्प बसलो नाही. पहिले दोन लिहिल्याशिवाय तिसरं लिहिता येईना, आणि पहिले दोन लिहायला मी भ्यालो."

रांगेलनं चमचा खाली ठेवला. बराच वेळ तो फाटकाकडे बघत होता. सगळेच बघू लागले. फाटक वीतभर उघडं होतं.

"ती दिग्दर्शिका पोरगी म्हणाली होती, 'आजोबा, नुसतं लावा आणि जा,'" तो शेवटी म्हणाला. "माझ्या हाताला सवय नाही. माझा इव्हो स्पेनला गेल्यापासून मी ते लावतच नाही." मग त्यानं नाक पुसलं, आणि त्याचा आवाज पहिल्यासारखा झाला. "आणि थाळीबिळी काही नाही हं! बूट त्यांचे होते. दोन नंबर लहान. घाल तू, आणि चालून दाखव!"

अंगण असं हसलं की फादरांच्या हातातलं धूपदान सांडता सांडता वाचलं. गिना मावशीनं रांगेलच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. गहू सगळ्यांनी खाल्ला. टाकून कसा द्यायचा?

शुक्रवारी सहा वाजता वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. कागदावर सर्वांनी जमावं असं लिहिलं होतं, आणि आमचं गाव अशा बोलावण्याला चुकत नाही. रांगेल पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेत दोन-तीन जणींनी सवयीनं छातीवर क्रूस काढला. तो माझ्या शेजारी बसला होता, नव्या सुटात. चालण्याचा प्रसंग आला, त्यानं माझ्या कानात "बूट" म्हटलं. बोलण्याचा प्रसंग आला, त्यानं "निरीक्षक" म्हटलं आणि स्वतःच खुदखुदला. मग फाटक आलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो पडदा बघत नव्हता. तो माझा चेहरा बघत होता.

आता उठा, उशीर झाला. पण जाता जाता एक काम करा. त्या एका दिवसात आमच्या अर्ध्या गावानं चर्चमध्ये रांगेलसाठी मेणबत्त्या लावल्या. त्याही खाली वाळूत, जिथं गेलेल्यांसाठी लावतात तिथं. वरच्या तबकात, जिवंतांच्या ओळीत, त्याच्या नावानं एकही नव्हती. त्यानंतर मी दर रविवारी तिथं एक लावतो, पण माझ्या एकट्याच्या मेणबत्तीनं तेवढ्या सगळ्यांची भरपाई व्हायची नाही. तेव्हा तुम्ही जिथं कुठं हात जोडत असाल, तिथं त्याची आठवण काढा. रांगेल, दिमोचा मुलगा, मधमाश्या पाळणारा. आणि नाव घेताना स्पष्ट सांगा, वरच्या तबकात.